खोकल्याच्या काचा

वन्सं, या नावाने हाक मारली की तू फणकारायचीस, "वहिनी, मी काय म्हातारी झाले का?" झाली नाहीस. व्हायला हवी होतीस.

प्रयोगशाळेत तुला 'निमूट बाई' म्हणायचे म्हणे. निमूट! माझ्या स्वयंपाकघरात तुझ्या तोंडाला कधी कुलूप लागलं नाही. प्रयोगशाळेत तू तोंड मिटून बसायचीस ते खोकला आत कोंडायला.

तू आणि तुझा दादा, म्हणजे माझा नवरा, भंगाराच्या आवारात वाढलात. जुन्या कॉम्प्युटरमधल्या सर्किटच्या पाट्या भाजायच्या, वायरी जाळायच्या, तांबं काढायचं. त्या धुराने त्याला नेलं. तुझ्या छातीतही तो धूर बसलाच होता, पण तू तो कुणाला दाखवला नाहीस.

पुढे तुला त्या प्रयोगशाळेत काम मिळालं. खेकड्याच्या कवचापासून काढलेली पावडर विरघळवायची आणि ते पाणी काचेवर ओतून पातळ पापुद्रा वाळवायचा. त्या पापुद्र्यात कॉम्प्युटरची माहिती साठवायची आणि काम संपलं की तो मातीत टाकायचा. कुजून जातो, जाळावा लागत नाही. "दादाच्या वेळी हे असतं तर गं?" हे तू इतक्यांदा म्हणायचीस की मला वीट यायचा.

ओतायचं काम तुझं. नियम एकच होता, खोकला असेल त्याने त्या टेबलावर बसायचं नाही. ओल्या पापुद्र्यावर तोंडातला कण पडला, तर डोळ्यांना न दिसणारं छिद्र पडतं आणि तिथे साठवलेलं टिकत नाही. तू दोन मास्क लावायचीस, पाण्याच्या बाटलीत खोकल्याचं औषध भरायचीस आणि उबळ आली की बाथरूम गाठायचीस. साहेब म्हणायचे, "बाई, सारखं पाणी, सारखं बाथरूम, साखर तपासून घ्या एकदा." तू हसायचीस.

मग एका लॉटमध्ये बऱ्याच काचांवरच्या पापुद्र्यांत साठवलेलं टिकलं नाही. साहेबांनी सगळ्या काचांची सरासरी काढली आणि जाहीर केलं, मटेरियलच कच्चं आहे, हे काम बंद. त्या शनिवारी तू चपला न काढता माझ्या ओट्याशी येऊन उभी राहिलीस.

"वहिनी, मटेरियल चांगलं आहे. नासवलं मी."

"म्हणजे काय?"

"ज्या दिवशी मला आवरलं नाही, त्या दिवसाच्या काचा गेल्या. बाकीच्या धड आहेत. मी ओळखते त्या."

"मग सांग की साहेबांना!"

"सांगितलं तर घरी बसवतील."

"आणि नाही सांगितलंस तर?"

तू नळाकडे बघत म्हणालीस, "तर पाट्या भाजतच राहतील. दुसऱ्या कुणाचा तरी दादा."

"अगं मग विचार कसला करतेस? चल!"

"आज कुलूप आहे. सोमवारी जाऊ. मंगळवारी काचा धुवायला काढतील, त्याच्या आत. तू बरोबर ये. तू बोल, मी काचा दाखवते. मी तोंड उघडलं तर नुसता खोकलाच निघायचा."

"बोलते. साहेबांची साखरही तपासते," मी म्हटलं. तू खो खो हसलीस. हसण्याचा खोकला झाला आणि ओट्यावर रक्ताचे थेंब पडले. तू ते माझ्याच फडक्याने पुसलेस आणि म्हणालीस, "सोमवार झाला की डॉक्टरकडे."

रविवारी तुला उचलून दवाखान्यात न्यावं लागलं.

सोमवारी तुला ऑक्सिजन लावला होता. तू मास्क खाली ओढलास. "रॅकमध्ये... वरच्या..." नर्सने मास्क परत चढवला. "मावशी, बोलायचं नाही." तू चादरीवर बोटाने रॅकचे कप्पे आखायला लागलीस. मी वाकून बघत होते, विचारत होते, "या? की या?" तू मान हलवायचीस, पण हो की नाही ते कळायचं नाही. मग बोट थांबलं, आणि तू माझं मनगट धरलंस ते सोडलंच नाहीस.

मंगळवारी काचा धुतल्या. बुधवारी तू गेलीस. साहेबांकडे जायचं आपलं राहिलं ते राहिलंच.