मेंग ओक-नानच्या मांडीवर

मेंग ओक-नान सदुसष्टाव्या वर्षी एकटीनं आपलं आयुष्य गाऊन दाखवायला निघाली, तेव्हा ढोलावर मला बोलावलं. तिच्या गायकीचे ताल जाणणारं दुसरं कुणी जिवंत नव्हतं. मला ती बाई डोळ्यांसमोर नको असायची. तरी गेले. ती माझ्या बहिणीबद्दल काय गाते, ते मला ऐकायचं होतं.

आमची संगीत नाटकाची मंडळी सगळी बायकांची. ओक-नान राजपुत्र व्हायची, माझी थोरली बहीण गे-ह्वा राजकन्या. ओक-नान मिशा लावून रंगमंचावर आली की पोरी रडायच्या. एकीनं तर घरच्यांशी भांडून तिच्याबरोबर नवरा-नवरीचा फोटो काढून घेतला होता. त्या कौतुकानं ती चढली ती कायमची. गे-ह्वाचा आवाज तिच्याहून गोड होता, हे कुणी बोललं तर दोन दिवस जेवायची नाही.

गुन्सानच्या सभागृहात तालीम सुरू झाली. मोकपो गावात गे-ह्वा वारली, त्या प्रसंगाशी ती आली आणि गाऊ लागली, की तापात फणफणलेल्या गे-ह्वानं तिच्या मांडीवर डोकं ठेवून प्राण सोडला.

मी ढोल थांबवला. मोकपोत मंडळी उतरली होती त्या खानावळीत मी होते, पंधरा वर्षांची. गे-ह्वा माझ्या मांडीवर गेली. ओक-नान तीन दिवस आधीच पोशाखांची पेटी घेऊन दुसऱ्या मंडळीत पळाली होती. हे मी तिला तोंडावर सांगितलं.

पंख्यानं वारा घेत ती म्हणाली, “गोष्ट माझी आहे, बुन-रे. तू ढोल बडव.”

पहिल्या प्रयोगाच्या दुपारी तो प्रसंग आला तशी मी टिपरू खाली ठेवलं. म्हटलं, पडू दे तोंडघशी. ती ढोलाशिवाय गात राहिली. लोकांना वाटलं, शोक म्हणून ढोल मुद्दामच बंद ठेवलाय. सगळं सभागृह मुसमुसत होतं. पडदा पडल्यावर ती माझ्याजवळून जाता जाता म्हणाली, “उद्याही ढोल तिथंच थांबव. छान जमतंय.”

रात्रभर माझा डोळा लागला नाही.

आमच्यात ढोलवालीनं मधूनमधून गाणारीला दाद द्यायची रीत आहे. दुसऱ्या दिवशी दादेच्या जागी मी मोठ्यानं म्हणाले, “ताई, तू तिथं नव्हतीस.”

तिचा सूर तुटला. पंखा मिटून ती उभी राहिली. मग राजपुत्राच्या त्या जाड आवाजात बोलली, “नव्हते. मरणाऱ्या माणसाशेजारी बसायची मला भीती वाटत होती.”

लोक चिडले, पण माझ्यावर. पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीनं बसायची उशी मला फेकून मारली. दुसरी ओरडली, “म्हाताऱ्या बाईला रडवतेस, लाज नाही वाटत?” ओक-नाननं त्यांना गप्प केलं नाही. डोळे पुसून तिनं पुढचं गाणं सुरू केलं आणि मीही वाजवलं. ताल एकदाही चुकवला नाही.

पुढच्या गावी तिनं एक नवशिकी ढोलवाली नेली, तिचे ताल न जाणणारी. तिथं गे-ह्वा परत तिच्याच मांडीवर मरते, असं कानावर आलं. मी चौकशी केली नाही. गुन्सानच्या तीनशे माणसांसमोर तिच्याच तोंडून खरं बाहेर पडलं होतं. त्यानंतर तिनं मला निरोप पाठवला नाही, आणि तिच्या मयतीलाही मी गेले नाही.