पेटीला स्वतंत्र माइक

आधी चहा घ्या, मग सांगतो. नाहीतर मध्येच ठसका लागायचा आणि तुमच्या घरचे मला बोल लावायचे. तशी माझी ही फजिती तुमच्या कानावर आली असेलच म्हणा. आमच्या रत्नागिरीत सकाळी घडलेली गोष्ट दुपारी मच्छीमार्केटात पोचते आणि संध्याकाळी घरी परत येते तेव्हा तिला शिंगं फुटलेली असतात. म्हणून म्हटलं, अब्रू आपली आपण घालवली, तर तिची गोष्ट तरी दुसऱ्यानं का सांगावी?

मी पेटी वाजवतो. पेटी म्हणजे हार्मोनियम. जन्मभर नोकरी केली कारकुनाची, पण रस्त्यात कुणीही ओळखतं ते पेटीवाला अण्णा म्हणून. आमचं शास्त्रीय संगीताचं लहानसं मंडळ आहे. गाणार सुलभाताई, तबल्यावर बापू, पेटीवर मी. पूर्वी आणखी चार-पाच जण होते. करोनानंतर कुणी मुलांकडे मुंबईला गेले ते तिकडचेच झाले, आणि आमचे एक तानपुरेवाले तर आता राहिलेच नाहीत. त्यांच्या जागी हल्ली इलेक्ट्रिकचा तानपुरा ठेवतो. बटण दाबलं की वाजतो, चहा मागत नाही.

सुलभाताई पालीला एकट्या राहतात. शाळेत शिकवायच्या, आता निवृत्त. बापूचं लांज्याला काजूचं दुकान. आणि मी इथे. तीन दिशांना तीन माणसं, आणि करोनात बाहेर पडायचं नाही. मग बापूच्या सुनेनं डोकं चालवलं आणि आमचा रियाज मोबाइलवर सुरू झाला.

त्यात एक अडचण होती. एकाचा आवाज दुसऱ्याकडे जरा उशिरा पोचायचा. ताईंची सम इथे येईपर्यंत बापू पुढच्या आवर्तनात गेलेला असायचा. मग असं ठरलं की फक्त ताईंनी आवाज चालू ठेवून गायचं. बापूनं आणि मी आपापला आवाज बंद करून घरच्या घरी साथ करायची. आपलं कुणी ऐकणार नाही, आपण मात्र ताईंना ऐकायचं. छान सोय झाली.

छान म्हणजे फारच छान. आता तुम्हीच सांगा, माणूस खोलीत एकटा बसलाय, समोर पेटी, आपलं बोलणं कुणाला ऐकू जाणार नाही याची खात्री. मग तो गप्प बसेल? मला आपली बडबडायची सवय लागली. ताईंनी चांगली जागा घेतली की मी म्हणायचो, "वा गो बाय माझी." तान फसली की म्हणायचो, "घसरली, घसरली. चिखल आहे तिथे, जपून." मोबाइलच्या चौकोनात बापू तबला बडवताना दिसला की, "अरे मेल्या, तबला आहे तो, काजू फोडतोयस काय?" मध्येच आतून आमची ही विचारायची, बांगडे तळू की तिखलं करू. मी पेटी न थांबवता सांगायचो, "तळ." असा दोन वर्षं रियाज झाला. बापू कधीकधी उगीचच हसायचा. मला वाटायचं, नातवंडं काहीतरी करत असतील.

आणि एक सांगायचं राहिलं. हे दोघे रोज तक्रार करायचे, "अण्णा, तुम्ही दिसत नाही." मी म्हणायचो, "रेंज नाही." आमच्याकडे रेंज नाही म्हटलं की पुढे कुणी काही विचारत नाही. तुम्हीही विचारू नका, एवढंच लक्षात ठेवा.

मग सगळं सुरळीत झालं, लोक लग्नाबिग्नाला जायला लागले, आणि आम्ही पुन्हा समोरासमोर बसायचं ठरवलं. पेटी साफ करायला आतून खोलली, तर रोज वाजवूनही भात्यात झुरळांनी संसार थाटलेला. बापूच्या तबल्याची शाई उडालेली. पण ते दुरुस्त होतं हो. दुरुस्त होत नव्हता तो ताईंचा श्वास. त्यांना दुसऱ्या लाटेत करोना झाला होता. बऱ्या झाल्या, पण श्वास पूर्वीसारखा पुरेना. वरचा सा लावला की मध्येच तुटायचा.

आमची पहिली बैठक ठरली. इथल्याच एका आंबा बागायतदारांनी आपला हॉल दिला, आम्ही त्यांनाच प्रमुख पाहुणे केलं. आदल्या दिवशी मोबाइलवरची शेवटची तालीम झाल्यावर ताईंनी मला वेगळा फोन केला, म्हणाल्या, "अण्णा, बापूला सांगू नका. उद्या तो वरचा सा लागला नाही, तर मी गाणं थांबवणार. लोकांनी माझ्याकडे बिचारी म्हणून बघितलेलं मला चालायचं नाही."

ताई थांबल्या म्हणजे मंडळ संपलं. नुसती पेटी आणि तबला ऐकायला कोण येतंय? पण खरं सांगू, मला मंडळाचं एवढं वाटलं नाही. ताई गाणार नाहीत या कल्पनेनंच मला जेवण गेलं नाही. त्या दिवशी सुरमई होती, तरीसुद्धा.

तर बैठकीचा दिवस. साउंडवाल्यानं एक माइक ताईंना दिला, एक तबल्याला. मी विचारलं, "पेटीचा कुठाय?"

तो म्हणाला, "काका, पेटी तशीच ऐकू जाते. कशाला?"

"कशाला म्हणजे? पेटीला स्वतंत्र माइक पाहिजे. त्याशिवाय मी बसत नाही."

इतकी वर्षं कुणी पेटीला माइक दिला नाही, हे माझं जुनं दुखणं. त्या बिचाऱ्यानं कुठून तरी एक बुटका स्टँड आणून पेटीपुढे लावला. तो मला दूर वाटला, म्हणून मीच जवळ ओढला. मग खालचे सूर घ्यायला नकोत का? म्हणून आणखी वर केला. शेवटी तो माइक पेटीच्या डोक्यावरून थेट माझ्या हनुवटीखाली आला. मला शोभा आल्यासारखं वाटलं.

यमन सुरू झाला. ताईंनी नि रे ग लावला आणि मला एकदम आपल्या खोलीत बसल्यासारखं वाटायला लागलं. समोर ताईंचा आवाज, हाताखाली पेटी. दोन वर्षांची सवय, ती काय हॉल बघून जाते? माझं तोंड आपोआप चालू झालं.

"हां. आता कशी रुळावर आली गाडी."

मला ते ऐकू आलं नाही. स्पीकर सगळे लोकांकडे तोंड करून, इलेक्ट्रिकचा तानपुरा माझ्या डाव्या कानाशी, आणि उजवा कान तर माझ्याबरोबरच निवृत्त झालाय. लोकांत जरा खसखस पिकली. मी नुकतीच एक बारीक मुरकी वाजवली होती. मला वाटलं, काय जाणकार लोक आहेत. त्यातलं सौंदर्य लगेच कळलं त्यांना. मी मान लववून दाद स्वीकारली.

थोड्या वेळानं बापूनं एक जोरकस तुकडा घेतला. मी म्हणालो, "फोड, फोड. किलोभर फोडून ठेव आजच."

लोक हसले. मी पुन्हा मान लववली. मनात म्हटलं, अण्णा, आज तुझा दिवस आहे.

दुसऱ्या रांगेत आमची ही बसली होती. ती तोंडावर बोट ठेवून डोळे मोठे करत होती. मला वाटलं, तोंडाला काही लागलंय. पुसलं. तिनं पुन्हा बोट ठेवलं. मी रुमाल काढून पुन्हा नीट पुसलं. मग तिनं दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड गच्च दाबून धरलं. म्हटलं, भारावलीय. लग्नाला इतकी वर्षं झाली, पेटी ऐकून भारावलेली मी तिला प्रथमच बघत होतो. मी आणखी रंगात आलो.

पहिल्या रांगेत सोफ्यावर आमचे प्रमुख पाहुणे, त्यांनी मान मागे टाकलेली आणि तोंड उघडं. माझं लक्ष गेलं आणि मी म्हणालो, "पाहुण्यांची समाधी लागली. कुणीतरी तोंड मिटा रे त्यांचं, माशी जाईल."

आता मात्र हॉल हसून हसून लोटपोट झाला. पाहुणे दचकून जागे झाले, सगळे हसतायत हे बघून त्यांना वाटलं काहीतरी बहारदार झालं, आणि ते मोठ्यानं "वाहवा, क्या बात है" म्हणाले. मी त्यांनाही नमस्कार केला.

तेवढ्यात ताई वरच्या सा कडे निघाल्या आणि माझं हसू, मान लववणं, सगळं जागच्या जागी राहिलं. हाच तो सूर. मी पेटीवर सा दाबून धरला. ताईंचा आवाज चढला, लागला, थरथरला आणि तुटला. त्यांना खोकला आला. बापूनं ठेका चालू ठेवला, पण त्याचा चेहरा उतरला. ताईंनी हात मांडीवर ठेवले. ते हात मला दिसले आणि मला कळलं, ही बाई आता उठणार.

मी पेटीकडे बघूनच पुटपुटायला लागलो. दुसरं मला येतं काय?

"असू दे, ताई. सावकाश. कुणाला एसटी पकडायची नाहीये. मी धरून ठेवलाय सा, तो कुठं पळून जात नाही. पाणी प्या. दोन वर्षं त्या मोबाइलच्या डबड्यातनं ऐकलंय तुम्हाला, रोज त्याच्यासाठी उठलोय मी सकाळी. आता समोर बसल्यायत तर ऐकल्याशिवाय मी काय घरी जात नाही. घरी कुळथाची पिठी आहे, ती निवली तरी चालेल."

हॉलमध्ये कुणी हसलं नाही. ताई पाणी प्यायल्या. माझ्याकडे बघितलं, आणि त्या हसल्या. अगदी पोटातून हसल्या, आणि त्या हसण्यातच त्यांचा श्वास मोकळा झाला असणार. त्यांनी डोळे मिटले आणि सा लावला. तो लागला, आणि राहिला. किती वेळ राहिला ते मला विचारू नका, माझा चष्मा भिजला होता.

बैठक संपली. लोक टाळ्या वाजवत मंचाकडे आले, ते माझ्याकडेच. जो तो माझा हात हातात घेऊन हसतोय. मी सगळ्यांना सांगतोय, "पेटीला स्वतंत्र माइक असला की फरक पडतो." तेही म्हणतायत, "पडतो तर."

मग आमची ही आली. "उचलली जीभ लावली टाळ्याला. सगळ्या हॉलला ऐकू जात होतं."

"पेटी?"

"तोंड."

मी माइककडे बघितलं. तो माझ्या हनुवटीखाली तसाच उभा होता. मी म्हणालो, "अगो, म्हणजे ते पाहुण्यांचं…" आणि ते "अगो"सुद्धा हॉलभर घुमलं.

आता जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. मी ताईंपुढे हात जोडले. "ताई, माफ करा. मोबाइलवर आवाज बंद असायचा ना, त्यानं ही घाणेरडी सवय लागली. तुमच्याबद्दल, बापूबद्दल नाही नाही ते बोलत होतो मी. तिथं ठीक होतं, ऐकू जात नव्हतं."

ताईंनी बापूकडे बघितलं. बापूनं ताईंकडे बघितलं.

बापू म्हणाला, "अण्णा, तिथंपण ऐकू येत व्हतं."

"काय?"

ताई म्हणाल्या, "तुम्ही आवाज बंद करायचं बटण कधी दाबलंच नाही, अण्णा. तुम्ही रोज कॅमेरा बंद करत होता. तुमचा चेहरा जायचा आणि आवाज राहायचा."

मला ती मोबाइलची पट्टी आठवली. शेजारी शेजारी दोन चित्रं. एक दाबलं की त्याच्यावर काट येते. रोज मी दाबायचो, काट आलेली बघायचो आणि निर्धास्त व्हायचो. आणि दोन वर्षं म्हणत होतो, रेंज नाही.

"मग सांगितलं का नाही?" मी जवळजवळ ओरडलोच.

ताई म्हणाल्या, "सांगितलं असतं तर तुम्ही बोलायचं थांबला असता. घरात दिवसभर कुणाचा आवाज नसायचा, अण्णा. तुमच्याकडे बांगडा तळायला घेतला की मी पेजेचं ताट वाढून घ्यायचे, जेवायला सोबत झाल्यासारखं वाटायचं. आज तुम्ही बोलायला लागलात तेव्हा आम्हाला वेगळं काही वाटलंच नाही. आमचं रोजचंच ते. लोक हसले तेव्हा कळलं की त्यांनाही ऐकू जातंय."

मी नाक ओढलं. वातावरण जरा हलकं करावं म्हणून विचारलं, "मग पेटीपण ऐकू यायची की तुम्हाला. ती कशी होती?"

"पेटी अर्धी मात्रा मागनं यायची," ताई म्हणाल्या. "आम्हाला वाटायचं, रेंजमुळे."

"मग?"

"आज समोर बसलात तेव्हा कळलं, रेंजचा काही दोष नव्हता."

बापू तबल्यावर डोकं टेकून हसत होता.

आता मंडळ जोरात आहे. ताई गातायत, सा लागतोय, आणि न लागला तरी त्या उठत नाहीत, माझ्याकडे बघून पुन्हा लावतात. परवा लांज्याला बैठक होती. लोकांनी बापूला आधीच विचारून ठेवलं होतं, ते बोलणारे पेटीवाले येणार ना. मी वेळेआधी पोचलो, मंचावर गेलो. बघतो तर माझ्या जागेवर तो बुटका स्टँड नाही. एक चांगला उंच स्टँड, त्याला माइक, आणि तो नेमका माझ्या तोंडासमोर.

मी साउंडवाल्याला म्हणालो, "अरे, हा खाली कर. पेटीला पाहिजे माइक."

तो म्हणाला, "काका, ताईंनीच सांगितलंय तो तुमच्यासाठी. पेटीला नको म्हणाल्या."