खळ्यातली बोट

बातमी मला गेटवरच्या वॉचमनने दिली. मुरबाडच्या एमआयडीसीत आमच्या कारखान्यात फोन आत नेता येत नाही, गेटवरच्या कप्प्यात ठेवावा लागतो. जेवणाच्या सुट्टीआधीच तो लॅबच्या दारात येऊन उभा राहिला. "मॅडम, तुमचा फोन सारखा वाजतोय. घरचा नंबर आहे." मी हातातली बाटली जागेवर ठेवली, कोट काढून खुंटीला लावला... घाई केली नाही. मामांचा श्वास आता किती पुरेल याचा अंदाज घरात सगळ्यांनाच होता. घरी पोहोचले तेव्हा त्यांना ओटीवर आणलेलं होतं. समोर खळ्यात, ताडपत्रीखाली, ती बोट उभी होती आणि तिच्यावरून पावसाचं पाणी गळत होतं. माणसं आधी मामांकडे बघत, मग बोटीकडे.

मामा म्हणजे माझे सासरे. गावाचे दामू मिस्त्री. शहापूर-मुरबाड रस्त्यापासून पार डोळखांबच्या पाड्यांपर्यंत त्यांच्या हातची दारं, खिडक्या आणि छपरं अजून उभी आहेत. तोंडाने फटकळ, आणि स्वतःच्या कामाची बढाई मारण्यात कुणाला हार जाणार नाहीत. मी माहेरची आणि सासरचीही पहिली पदवीधर. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात त्यांनी माझ्या बीएस्सीच्या सर्टिफिकेटला सागाची चौकट केली आणि देवघराच्या भिंतीवर ठोकली. येईल त्याला सांगायचे, "सून शिकलेली हाय, पन चौकट बगा चौकट!" मला राग यायचा, हसूही यायचं.

घराचं काम पुरं झालं की त्यांची एक रीत होती. दार अर्धं उघडायचं आणि तसंच सोडून द्यायचं. मग घरमालकाकडे चहा मागायचा आणि दारासमोर बसून सावकाश प्यायचा. चहा संपेपर्यंत दार आपोआप मिटलं नाही, उघडलंही नाही, तरच काम झालं. हललं तर बिजागऱ्या काढून चौकट पुन्हा बसवायची, मग घरमालक नको नको म्हणत असला तरी. "दार जिथं सोडलं तिथं थांबलं पायजे," म्हणायचे. "नायतर ते दार कसलं, घरात भूत हाय आसं वाटतं मानसाला."

लाकडाच्या भुशाने आणि बिडीने त्यांची छाती आधीच गेली होती. शहापूरच्या डॉक्टरांनी धूळ बंद करायला सांगितलं तेव्हा त्यांनी बिडी सोडली, करवतही भिंतीला टांगली. वर्षभर ओटीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याशी भांडत होते. आणि मळणी उरकून खळं मोकळं झालं त्या थंडीत ट्रेलरवरून ही बोट आली.

बोट मासे धरायचीच, पण पोटासाठी नव्हे, हौसेसाठी. मालक मुंबईचे एक शेठ. भातसानगरच्या बाजूला त्यांचं फार्महाऊस आहे आणि तिथलं सगळं लाकूडकाम मामांचं. त्यांनी ही जुनी बोट विकत घेतली होती. बाहेरून धड, आतून कुजलेली. किनाऱ्यावर तिला एवढे महिने उभी करायला जागा मिळेना, आणि आतली सगळी मांडणी बदलायची तर ती मामांनीच, असा त्यांचा हट्ट. तिच्या मागच्या बाजूला न्हाव्याच्या दुकानात असते तशी एक फिरती खुर्ची होती. मोठा मासा गळाला लागला की तिच्यात पट्टा बांधून बसायचं, असं शेठने सांगितलं. गावाने दोन दिवस त्या खुर्चीत फिरून घेतलं. शेजारची काशीबाई मामांना म्हणाली, "मिस्त्री, बोट तं आली. समुद्र कदी येनार हाय खल्यात?"

"तुजी बडबड थांबली की येल," मामा म्हणाले. किती तरी महिन्यांनी ते असे हसलेले मी पाहिले.

आतली केबिन म्हणजे आमच्या स्वयंपाकघराच्या निम्मी. पुढच्या निमुळत्या टोकात झोपायची जागा, डावीकडे कुजका ओटा, उजवीकडे एक संडास, त्यात वळताही येत नव्हतं. शेठला ओटा पायऱ्यांजवळ हवा होता, दोन्ही बाजूंना पलंग, मध्ये मिटवता येणारं टेबल आणि गळाच्या काठ्या छताला आडव्या. बोटीत एक भिंत सरळ नाही. मामांनी भिंतीवरची करवत उतरवली, किराणा दुकानातून खोक्यांचे पुठ्ठे आणले आणि आधी सगळी केबिन पुठ्ठ्याची केली. पलंगाची लांबी ठरवायला सासूबाईंना आत नेऊन आडवं केलं, कारण शेठच्या बाई त्यांच्याच उंचीच्या. सासूबाई डोळे मिटून पडल्या होत्या. "जित्तेपनी माप घेताव माजं," त्या म्हणाल्या. "मेल्यावर तरी सोडा."

"तवा बांबू लागतील. ह्यो पलंग हाय. गप पड."

होळीच्या सुमारास काम जवळजवळ संपलं. पलंग, ओटा, टेबल, संडासाचं नवं दार. मामांनी दार अर्धं सोडून चहा घेतला होता, दार हललं नव्हतं. त्याच आठवड्यात शेठने इंजिन तपासायला किनाऱ्यावरचा एक माणूस पाठवला, हिरामण. त्याने आत डोकावून वाहवा केली, मग खाली उतरला आणि बोटीच्या कडेला उकिडवा बसून राहिला. बोटीच्या अंगावर पाण्याची जुनी रेघ होती, वर पांढरं आणि खाली शेवाळाचा काळपट डाग.

"काका," तो म्हणाला, "ही रेघ पान्यात आडवी असते. तुमी बोट ठोकल्यांवर बसवली तवा तोंड खाली गेलंय तिचं. पान्यात वर उठेल."

मामांनी पाणसळ आणून त्या रेघेला धरली, तिच्यातला बुडबुडा एका टोकाला सरकला. त्यांनी घर बांधतात तसं सगळं जमिनीला धरून केलं होतं. प्रत्येक फळीवर पाणसळ ठेवली होती, प्रत्येक दाराला ओळंबा लावला होता. आमच्या खळ्यापुरतं सगळं अचूक. पण पाण्यात बोटीचं नाक वर गेलं की ओटा, टेबल, पलंग सगळं मागे कलणार, आणि दार आपोआप उघडणार. आम्ही भातशेतीची माणसं. जमीन हलत नाही हे धरूनच आमची सगळी मापं. त्यात मामांचं काय चुकलं, असं मी आजही म्हणते.

शेठ फोनवर हसले. "राहू द्या हो मिस्त्री. लाटांवर कोण पाणसळ लावतंय?" हिरामणही म्हणाला, एवढंसं तर चालतं. चाललं नाही फक्त मामांना. सगळं उचकटायचं, असं त्यांनी त्याच संध्याकाळी जाहीर केलं. पलंग आणि भिंती बोटीच्या अंगाला काचेच्या फायबरने जोडलेल्या होत्या. ते जोड ग्राइंडरने कापायचे म्हणजे बंद केबिनमध्ये काचेची भुकटी. लाकडाचा भुसा परवडला.

मी शांतपणे सांगितलं नाही, ओरडलेच. "मामा, ती भुकटी छातीत गेली की बाहेर येत नाही. तुमच्या छातीत आता जागा नाही. दुसऱ्या कुणाला करू द्या."

"दुसरा कोन करल? ज्यानं वाकडं केलं त्यानंच सरल करायचं."

"समुद्रात कोण ओळखतं तुम्हाला?"

"कोनी ओलखत नाय म्हनून वाकडं सोडू? तुज्या लॅबमदी सोडतंस तू?"

मी सोडत नाही. पण माझ्या कामाने माझा जीव जात नाही, हे तेव्हा बोलायला हवं होतं... ते मला नंतर सुचलं.

कंपनीतून मी चांगले मास्क विकत आणले. तोंडाला लावल्यावर मामा म्हणाले, "मला मलनीला जुपलंस का, मुसकं बांधून?" चैत्राच्या उन्हात ती केबिन भट्टीसारखी तापायची. थोड्या वेळाने मास्क हनुवटीखाली आलेला असायचा. आधी त्यांनी ट्रॅक्टरच्या जॅकने बोटीचं नाक उचललं, पाणी भरलेली पारदर्शक नळी दोन्ही टोकांना धरून ती रेघ आडवी आणली, आणि मग आत शिरले. संध्याकाळी बाहेर यायचे तेव्हा भुवया पांढऱ्या. त्यांचे कपडे सासूबाई वेगळे धुवायच्या, तरी त्यांच्या हातांना खाज सुटायची आणि चुलीजवळ बसवायचं नाही. त्या मला म्हणायच्या, "तू शिकलेली, तुजं आयकतील." माझं काही ऐकलं नाही त्यांनी.

वैशाख संपता संपता काम पुरं झालं. दार अर्धं सोडून मामा समोर बसले. चहा निम्मा ठेवून म्हणाले, "हितं काय, खरं पान्यात समजंल." तेवढं वाक्य बोलून त्यांना कठड्याला धरावं लागलं.

पावसाळ्यात बोट समुद्रात उतरत नाही. ती ताडपत्रीखाली राहिली आणि मामा घरात. आधी ओटीवर, मग खाटेवर, मग ऑक्सिजनच्या नळीवर. झोपता यायचं नाही, उशांवर ओणवे होऊन बसायचे. मी कामावरून आले की विचारायचे, "गेली का गो?" मी म्हणायचे, "नाही मामा, पाऊस आहे." शेवटी शेवटी एका वाक्यात दोनदा थांबावं लागायचं. "गेली... का गो." माझं उत्तर तेच. आषाढ सरायच्या आत ते गेले. शूर माणूस गेला, कलावंत गेला, असं लोक दाराशी येऊन म्हणाले. मला राग आला होता, अजून आहे. एका पैसेवाल्याच्या हौसेच्या बोटीतल्या दारासाठी माणसाने मरू नये.

नारळी पौर्णिमेनंतर पाऊस उघडला आणि शेठ बोट घेऊन गेले. भाद्रपदात त्यांनी आम्हाला जेट्टीवर बोलावलं. सासूबाई येणार नाहीत असं मला वाटलं होतं, पण सकाळी त्याच आधी तयार होऊन बसल्या. खाडीत भरती पुरी होऊन पाणी थांबलेलं होतं. शेठ वर बसून राहिले, आत आले नाहीत. तेवढं त्यांना कळलं. आम्ही दोघी आणि हिरामण केबिनमध्ये उतरलो. सासूबाई पलंगावर बसल्या, फळीवरून हात फिरवला. आडव्या झाल्या नाहीत.

मी संडासाचं दार अर्धं उघडलं आणि हात काढून घेतला. हिरामणला आम्ही काही सांगितलं नव्हतं. त्याने थर्मासमधून चहा ओतून दिला. आम्ही दाराकडे बघत चहा प्यायलो. बाहेरून एक होडी गेली, आमची बोट जराशी डोलली. दार थोडं थरथरलं आणि होतं तिथंच थांबलं.

सासूबाईंनी रिकामा कप टेबलावर ठेवला. कप घसरला नाही. त्या दाराकडेच बघत होत्या. मग घरात मामांशी बोलायच्या त्याच आवाजात म्हणाल्या, "झालं समाधान तुमचं?"

दार हललं नाही.