पाणी येण्याचा दिवस आणि देसूरकर सर

देसूरकर सर पहिल्यांदा आमच्या घरी आले, तेव्हा त्यांना द्यायला घरात तांब्याभर पाणी नव्हतं. सरांच्या साठीच्या सत्कारासाठी निघणाऱ्या पुस्तकात हे लिहू का, असं नातीला विचारलं. म्हणाली, "लिही गं आजी, सरांना आवडंल."

ही माझी नात श्रद्धा. सर उद्यमबागेतल्या कारखान्यातली नोकरी सांभाळून संध्याकाळी आमच्या शहापुरातल्या देवळाच्या खोलीत मुलांना प्रोग्रामिंग शिकवत. श्रद्धानं पहिला प्रोग्राम केला तो नळाला पाणी कधी येणार ते सांगणारा. आमच्याकडं पाणी चार दिवसांआड येतं. त्या दिवशी सकाळी शिळं पाणी ओतून भांडी घासायची, ही आमची रीत. तिचा मोबाईल म्हणाला, आज. मी हंडे, कळशा, पिंपसुद्धा पालथं घातलं. माझ्या भरवशावर शेजारणीनंही घातलं. नळ कोरडाच.

"आक्का, नातीचा कॉम्प्युटर लई हुशार की वो," शेजारीण म्हणाली.

श्रद्धानं ते ऐकलं. "मला न्हाय जमायचं. उद्यापासनं क्लास बंद."

माझी शाळा तिसरीत अशीच एका दिवसात बंद झाली होती.

ती आली नाही म्हणून दुसऱ्या दिवशी सर आले. हकिकत ऐकली, परत गेले आणि भरलेली कळशी घेऊन आले. म्हणाले, "आक्का, तुम्ही पाणी ओतलंत म्हणून चूक कळली. आता श्रद्धा शोधतील." लहान मुलांनाही सर अहो-जाहोच करतात. महिना बदलला की प्रोग्राम दिवस पुन्हा एकपासून मोजत होता. सरांना ते आधीच दिसलं असावं, पण तिला सापडेपर्यंत ते चहाच पीत बसले.

पुढं गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी सर लेकीकडं गेले. क्लास बंद. जाताना मला सांगून गेले, "आज काय केलंस, मग पुढं काय, एवढं रोज विचारा. कळलं नाही तर कळलं नाही म्हणा." ते मला चांगलं जमतं. सांगता सांगता पोरगी मध्येच थांबायची. "थांब आजी, हितंच चुकलंय," म्हणून पळायची. सर परतेपर्यंत तिनं एक दिवसही सोडला नाही. माझा जीव भांड्यात पडला.

सरांचे गुडघे बळकट राहोत, त्यांना उदंड आयुष्य लाभो. सत्काराच्या दिवशी पाणी येणार, असं श्रद्धाचा मोबाईल सांगतो. शेजारीणही विचारून गेली. त्या सकाळी मी सगळी भांडी पालथी घालणार आहे. अडीनडीला म्हणून एक तांब्यासुद्धा भरून ठेवणार नाही.