ओ देणारी बाटली

आमच्या गावच्या तिठ्यावर मी एकदा दहा फुटी सोड्याची बाटली उभी केली होती. हे आज कोणाला सांगितलं तर माणूस आधी हसतो आणि मग विचारतो, कशासाठी? हा प्रश्न त्या वर्षी मला इतक्या जणांनी विचारला की त्याचं उत्तर मी दोन भाषांत पाठच करून टाकलं होतं. कॉलेजात सांगायचं, 'सार्वजनिक जागेत ब्रँडचा संवादी अनुभव.' गावात सांगायचं, 'कुकारो घालूचो, दिवे लागतत.'

गावात मोबाइलला रेंज मिळत नव्हती, फोन करायला एसटीडी बूथवर जावं लागायचं, असे ते दिवस. मी कोल्हापूरला उपयोजित कलेच्या शेवटच्या वर्षाला होते आणि एप्रिलमध्ये नेमकी शेवटच्या प्रोजेक्टातच सपशेल आपटले होते. मोठ्या शहरातल्या मॉलमध्ये शाम्पूच्या कंपनीसाठी मी काचेचा एक बोगदा कागदावर रचला होता. मॉल मी तोवर पाहिला नव्हता, आणि तो शाम्पूही आमच्या घरी कोणी वापरत नव्हतं. नापास झाले त्यात नवल ते काय?

बाबा ट्रॉलरवर तांडेल होते. बोट आणि बोटीवरची माणसं त्यांच्या शब्दावर चालायची, म्हणून घरी ते शब्द फारसे वाया घालवत नसत. निकाल ऐकून ते एवढंच म्हणाले, "डिसेंबरात परीक्षा दी. ह्या खेपेक पण नाय झाला, तर मालवणाक बर्फाच्या कारखान्यात ऑफिसात बसाचा. थंय कम्प्युटर येणारा माणूस व्हया आसा. मी बोलान ठेवलंय." त्यांच्या दृष्टीनं ही सोयच होती. मला मात्र बर्फाची बिलं टाइप करत आयुष्य काढायच्या कल्पनेनं भर उन्हाळ्यात हुडहुडी भरली.

फेरपरीक्षेचा नियम असा की प्रोजेक्ट खऱ्या जागेवर उभा करायचा, परीक्षक तिथं येऊन बघणार. मग मी शाम्पूचा नाद सोडला आणि शेजारी वळले. शेजारी सोडावाले काका राहायचे. त्यांच्या पडवीत गोटी सोड्याचं जुनं यंत्र होतं. बाटल्यांवर नाव नाही, दुकानावर पाटी नाही, पण पंचक्रोशीत कोणाच्याही लग्नात त्यांचाच सोडा. मी त्यांना सांगितलं, "काका, तुमचो ब्रँड आसा." ते यंत्राचं हँडल फिरवता फिरवता म्हणाले, "आसांदे." त्यांनी एवढीच परवानगी दिली आणि मला तेवढी पुरली.

कल्पना अशी होती. बांबू आणि प्लायवूडची उंच बाटली. पोटाशी एक कर्णा. कर्ण्यात तोंड घालून कुकारा घालायचा. कुकारा म्हणजे आमच्याकडची लांबची हाक. खाडीच्या या काठावरून त्या काठाला घालतात तशी. आवाज जितका मोठा, तितके बाटलीतले दिवे खालून वर चढत जाणार, सोड्याचा फेस चढावा तसे, आणि अगदी गळ्यापर्यंत चढले की वरची नारळाएवढी गोटी उडून घंटा वाजणार. हे सगळं कागदावर काढायला मला एक दुपार लागली. प्रत्यक्षात करायला मला कुणकेश्वरच्या जत्रेत लायटिंग करणाऱ्या एका माणसाला गाठावं लागलं. ऑर्केस्ट्राच्या तालावर दिवे नाचवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. काहीही विचारा, तो 'होईल' या अर्थाचा एकच शब्द बोलायचा: "होतला." वायर जळली तरी होतला, गोटी अडकली तरी होतला. त्याचा मला इतका राग यायचा आणि त्याच्यावाचून माझं पानही हलत नव्हतं.

तिठ्यावर बाटली उभी राहिली त्या सकाळी मी वेडी व्हायची बाकी होते. माणसं कामधंदा सोडून रांगेत. मासळी विकून परतणाऱ्या एका काकीनं नुसतं, "ह्या काय मांडलंस गो बाय?" एवढं विचारलं, तर गोटी टणकन उडून घंटा वाजली. तिनं अजून कुकारा घातलाच नव्हता. शाळेचे मास्तर तीनदा ओरडले, दिवे कमरेच्या वर जाईनात, आणि पोरांना तो दिवस सणासारखा गेला. मी पोलीस पाटलांच्या ओट्यावर बसून ये-जा करणाऱ्यांच्या रेघा मारल्या, फोटो काढले, तिठ्याचा नकाशा काढला, जाडजूड अहवाल बांधून कोल्हापूरला धाडला. परीक्षक कधी येणार ती तारीखही कळली. मी पास होणार याबद्दल मला काडीची शंका उरली नव्हती.

तेवढ्यात देवाचा कौल झाला, गावपळणीचा.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आचरा आणि आसपासच्या काही गावांत दर काही वर्षांनी ग्रामदेवतेचा कौल घेऊन अख्खा गाव वेशीबाहेर राहायला जातो. तीन दिवस, तीन रात्री. माणसं, गुरं, कुत्री, मांजरं, कोंबड्या, जे जे जितं ते सगळं बाहेर. माळावर झावळ्यांच्या खोपी घालून राहायचं आणि चौथ्या दिवशी देवानं परत कौल दिला की घरी यायचं. मागच्या पळणीला मी दहावीत होते आणि आयुष्यात तेवढी मजा मी कधी केली नव्हती. पण कोल्हापूरच्या हवेत हे सगळं माझ्या डोक्यातून साफ निघून गेलं होतं. परीक्षक येणार होते पळणीच्या नेमक्या तिसऱ्या दिवशी. सार्वजनिक जागेचा प्रोजेक्ट, आणि त्या जागेत माणूस तर सोडाच, मांजरसुद्धा असणार नव्हतं.

मी बूथवर धावले. कॉलेजातून उत्तर आलं, परीक्षक सर आधीच दौऱ्यावर निघालेत, तारीख बदलणार नाही. घरी येऊन मी आदळआपट केली. आई शांतपणे तांदळाची गाठोडी बांधत होती. ती म्हणाली, "तुझो परीक्षक देवापेक्षा मोठो काय गो?" मला तेव्हा प्रामाणिकपणे वाटत होतं की आहे.

शेवटचा उपाय म्हणून मी गावच्या मानकऱ्यांकडे गेले. पळण कधी निघणार, गावात काय ठेवायचं, काय नाही, हे त्यांच्या शब्दानं ठरायचं. मी म्हटलं, "काका, मी आणि सर दोघांनीच अर्धो तास आत येवन बघला तर?" ते म्हणाले, "नाय." मी म्हटलं, "बरां, बाटली तरी तिठ्यार रवांदे. लाकडाची तर आसा. सरांका मी वेशीवरसून बोट करून दाखवतंय." ही मागणी त्यांना वाजवी वाटली असावी. चपला घालून ते माझ्याबरोबर तिठ्यावर आले.

बाटलीभोवती एक फेरी मारून त्यांनी विचारलं, "ही करता काय?" मी म्हटलं, "कोणाक तरी हाक मारा." त्यांनी घसा खाकरला आणि पलीकडच्या वाडीतल्या आपल्या भावाला असा काही कुकारा घातला की दिवे सरसर गळ्यापर्यंत चढले आणि घंटा वाजली. मागोमाग लांबून भावाचाही आवाज आला, "ओऽऽ." मानकरी बाटलीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ही ओ देता."

"म्हणजे?"

"हाक मारली तर जा ओ देता, ता जिता. जिता काय गावात ठेवूचा नाय. बाटली भायर काढा."

मला आधी रडू फुटायला हवं होतं. इतक्या दिवसांची मेहनत मोडायची, माळावर वीज नाही, आणि हातात एक दिवस. पण हसू आधी फुटलं आणि ते काही केल्या थांबेना. मानकरी मात्र गंभीरच होते, त्यामुळे ते आणखी वाढलं. मी लायटिंगवाल्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "होतला."

दुसऱ्या दिवशी नौबत झाली आणि गाव निघाला. पुढे गुरं, मागे डोक्यावर बोचकी घेतलेल्या बायका, हातात कोंबड्या उलट्या धरलेली माणसं, आणि मधोमध टेंपोत आडवी झोपवलेली माझी बाटली. तिच्या पोटाला टेकून दोन शेळ्या बांधल्या होत्या आणि कर्ण्यात कोणीतरी खराटा खोचला होता. टेंपो खड्ड्यात गेला की आत गोटी घरंगळायची आणि शेळ्या दचकायच्या. टेंपोमागून चालताना वाटेत प्रत्येक जण मला विचारत होता, "बाटलीक खोप घातलंस काय गो?" मी सगळ्यांना हो म्हणत होते. बाबा होडी बंदरात बांधायला गेले होते, ते संध्याकाळी माळावर आले.

माळावर भजनासाठी जनरेटर आणला होता. लायटिंगवाल्यानं त्यातूनच एक वायर ओढली आणि दिवस कलायच्या आत बाटली काजूंच्या मध्ये उभी राहिली. त्यानंतर जे झालं ते माझ्या अहवालात कुठेही नव्हतं. तिथं खोपींना पत्ते नव्हते. कोणाची खोप कुठे, कोणालाच धड ठाऊक नव्हतं. मग जेवण झालं की बाया बाटलीपाशी यायच्या आणि नवऱ्याला कुकारा घालायच्या. हरवलेली शेळी, चहाला बोलवायचा शेजारी, पत्त्यांना कमी पडलेला चौथा गडी, सगळ्यांना हाका बाटलीतूनच. दिवे चढले की माळावरची माणसं माना वर करून बघायची, कोणाकोणाला बोलावणं आहे ते. सोडावाले काका शेजारी बाकडं टाकून बसले होते. येईल त्याला म्हणत, "आधी सोडो पी, मगे बोंब मार." मी आनंदानं नुसती इकडून तिकडे पळत होते. बाबा मात्र एकदाही बाटलीकडे फिरकले नाहीत. ते लांब एका काजूखाली जाळं विणत बसलेले.

परीक्षक सर एसटीनं आले. तिठा जवळ आला तसे ते माझा नकाशा हातात घेऊन उठले, तर कंडक्टर म्हणाला, "इथे उतरून काय करणार? गावात माणूस नाही." सरांनी खिडकीतून बंद दुकानं आणि रिकामे ओटे पाहिले. ते मला नंतर म्हणाले की त्यांना क्षणभर हा प्रोजेक्टाचाच भाग वाटला होता. कंडक्टरनं त्यांना वेशीपलीकडे, थेट खोपींसमोर उतरवलं.

त्यांनी बाटली पाहिली, माणसं पाहिली, मग अहवाल उघडला आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली. "यात जागा तिठा आहे. नकाशा तिठ्याचा, निरीक्षणं तिठ्याची. इथलं एकही पान नाही. जागा बदलली की प्रोजेक्टच बदलला. मी तपासू काय?"

मी पाठ केलेलं उत्तर सुरू केलं आणि दुसऱ्याच वाक्याला अडखळले. डोळ्यांपुढे बर्फाचा कारखाना दिसू लागला. तेवढ्यात मानकरी पुढे झाले. सरकारी कचेरीत बोलतात तसं मोजूनमापून म्हणाले, "साहेब, बाटली मुलीनं हलवलेली नाही. आम्ही हलवली. आम्ही ती जिवंत धरली आहे."

"पण ती सोड्याची बाटली आहे."

"होय. सोड्याचीच. पण ओ देते. ओ देईल ते गावात ठेवता येत नाही."

सर अहवाल काखेत मारून कर्ण्यापाशी गेले आणि "हॅलो" म्हणाले. एकही दिवा लागला नाही. आजूबाजूच्या बायांनी तोंडाला पदर लावले. सरांनी पुन्हा प्रयत्न केला, एक दिवा मिणमिणला. शेवटी मासळीवाल्या काकीला राहवलं नाही. ती म्हणाली, "नुसतो आवाज कित्याक काढतास? कोणाक तरी बोलवा."

सरांनी चष्मा काढला. मग त्यांनी एका मुलीचं नाव घेऊन हाक मारली. ती त्यांची लेक, आणि ती बंगळूरला शिकते, हे आम्हाला नंतर कळलं. दिवे कमरेवर गेले, गळ्याशी पोचले, आणि घंटा वाजली. आणि खोपींच्या पार त्या टोकाहून एका म्हातारीनं "ओऽऽ" दिला. ते तिचं नाव नव्हतं. हाक कानावर आली आणि कोणीच ओ देत नाही म्हटल्यावर तिनं दिला, बस्स.

सरांनी सोड्याच्या बाकड्यावर बसून फॉर्म भरला. 'लोकांचा प्रतिसाद' या रकान्यात त्यांनी मानकऱ्यांचं 'आम्ही ती जिवंत धरली आहे' हे वाक्य जसंच्या तसं उतरवलं, आणि खाली सही करून कागद माझ्यापुढे धरला. मी पास झाले होते. सरांना परतीच्या एसटीत बसवलं आणि तिथून मी जी धावत सुटले ती थेट बाबांच्या काजूखाली.

"बाबा, मी पास झालंय. आता कारखान्यात सांगा, मी येणंय नाय म्हणान."

"सांगलंय," बाबा म्हणाले.

"कधी?"

"परवा. होडी बांधूक गेल्लंय तेव्हा." त्यांनी मान वर केली नाही. "अख्खो गाव तुझी बाटली घेवन चल्लो. मगे तुका बर्फात खंय बसवू?"

सर आले होते आज. परवा तर बाटली शेळ्यांबरोबर टेंपोत आडवी पडलेली होती आणि ती पुन्हा पेटेल की नाही हे मलासुद्धा ठाऊक नव्हतं.

"आणि मी नापास झालंय असतंय तर?"

बाबांनी जाळ्याचं भोक बोटांनी ताणून पाहिलं आणि सुई आत घातली. म्हणाले, "तर आणि एकदा परीक्षा दियाची."