उकळलेल्या टाचण्या

माझ्या धाकट्या भावाला सगळा बाजार मास्तर म्हणायचा. शाळेत हा कधी धड टिकला नाही, पण कपडे शिवणाऱ्याला मास्तरच म्हणतात, म्हणून हा बिनशाळेचा मास्तर झाला. कोट शिवायचा. चाळीस वर्षं एकच दुकान, एकच खुर्ची आणि तोंडात टाचण्या. ओठांच्या डाव्या कोपऱ्यात सात-आठ टाचण्या धरून तो गिऱ्हाइकाशी खुशाल गप्पा मारायचा. ते पुटपुटणं नीट कळायचं फक्त दोघींना, मला आणि त्याच्या लेकीला. तोंड रिकामं दिसलं की लोक विचारायचे, मास्तर, आज बरं नाही का?

मग एक दिवस खरंच बरं नव्हतं. मानेतल्या गाठी कॅन्सरच्या निघाल्या. औषधाचे चार डोस ठरले. बायको आधीच गेलेली, लेक त्याच्याच हाताखाली तयार झालेली, ती दुकान सांभाळणार. म्हणून मी माझ्या घराला कुलूप घातलं आणि त्याच्याकडे राहायला आले. मी फटकळ आहे, हे काही लपून राहिलेलं नाही. डॉक्टरीणबाईंनीही पहिल्या भेटीत ओळखलं असावं, कारण सगळ्या सूचना त्यांनी त्याच्याऐवजी मला दिल्या.

औषध कॅन्सरला मारतं तसं रक्तातल्या पांढऱ्या पेशींनाही मारतं, असं त्या म्हणाल्या. डोस झाल्यावर आठवड्याभरात त्या पेशी तळाला जातात, आणि पुढचे काही दिवस अंगात लढायला कोणी उरत नाही. एरवी जे दुखणं शिंकेवर निभावतं, ते त्या दिवसांत जिवावर बेततं. ताप शंभर पॉईंट चार दिसला, की वेळ कुठलीही असो, तडक हॉस्पिटल. आणि तापाची गोळी घरी द्यायची नाही, त्याने ताप झाकला जातो.

झालं. मी घराचा ताबा घेतला. येणाऱ्याने आधी साबणाने हात धुवायचे, मग तोंड उघडायचं. खिडकीतल्या कुंड्या बाहेर गेल्या. शेजारीण कापलेली फळं घेऊन आली, तिला ताटलीसकट परत पाठवलं, आणि तिने महिनाभर अबोला धरला. पाणी उकळलेलं, जेवण ताजं, टॉवेल रोज धुतलेला. मागून लोक मला जेलर म्हणायचे. म्हणेनात का.

पहिला डोस पार पडला. दुसऱ्यानंतर ताप चढला, पण मी अर्ध्या तासात त्याला हॉस्पिटलात नेलं आणि तो वाचला. अकरा दिवस एका खोलीत, समोर भिंत, हाताला काम नाही. घरी आला तेव्हा म्हणाला, त्या खोलीत पुन्हा गेलो तर आजाराआधी कंटाळ्याने मरेन. मी म्हटलं, कंटाळ्याने कोणी मरत नसतं, गप पड.

तिसऱ्या डोसानंतर तोंड आलं. गालाच्या आत, ओठांच्या आत पांढरे फोड. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, टोचेल असं काहीही तोंडात जाऊ देऊ नका, जखमेतूनच जंतू आत शिरतात. मी पावाच्या कडा काढल्या, भात गाळून पातळ केला, लहान मुलाचा मऊ ब्रश आणला. सहाव्या दिवशी लेक आली आणि दारातच शिंकली. मी उंबऱ्यावर आडवी उभी राहिले. सर्दी उतरल्याशिवाय आत यायचं नाही, असं तिला बजावलं. तिने बाहेरूनच बापाला हाक मारली, त्याने आतून हात हलवला. पोर जिन्यावरून उतरताना डोळे पुसत होती. मला दिसलं, पण मी विरघळले नाही.

तो मात्र त्या दिवसापासून भिंतीकडे तोंड करून निजू लागला. हात पोटावर, बोटं आपली चाळा करतायत. मला बघवेना. शेवटी मीच माझा जुना गरम कोट काढला आणि म्हटलं, याची खालची शिवण उसवून दोन बोटं वर घे, मला पायात येतो. कोट गरम पाण्यातून काढून वाळवला, इस्त्री मारली. दुकानातून त्याचा बटणांचा डबा मागवला. कात्री उकळली. टाचण्यासुद्धा पातेल्यात दहा मिनिटं उकळल्या. तो हसला. म्हणाला, "ताई, मीठ घातलंस का?"

तीन दिवस तो त्या कोटात रमला. चेहऱ्यावर रंग आला. मी समोर भाजी निवडत बसायची आणि तो ओठांच्या कोपऱ्यातून पुटपुटत जुन्या गिऱ्हाइकांच्या नकला करायचा. मी हसत होते. काखेत थर्मामीटर लावून सकाळ-संध्याकाळ ताप वहीत लिहीत होते. अठ्ठ्याण्णव पॉईंट सहा. नव्याण्णव. अठ्ठ्याण्णव पॉईंट आठ. मनात म्हटलं, निघाले हे दिवस, आता एकच डोस.

चौथ्या सकाळी तो उठला नाही. दातांवर दात वाजत होते, हात बर्फ, आणि मला आई म्हणून हाक मारत होता.

हॉस्पिटलात त्यांनी धडाधड सलाइन लावलं, रक्तदाब खाली चालला होता. डॉक्टरीणबाईंनी माझी वही पाहिली आणि त्यांना काही मेळ लागेना. मग बॅटरी घेऊन त्याचं तोंड उघडलं. विचारलं, ओठाच्या आत डाव्या कोपऱ्यात ही बारीक बारीक टोचल्याची भोकं कसली? पावाच्या कडा काढणारी मी. चाळीस वर्षं त्याच्या तोंडात टाचण्या पाहिल्या, त्या मला दिसेनाशाच झाल्या होत्या. तीन दिवस समोर बसून पाहिलं आणि पाहिलं नाही.

ताप का दिसला नाही, हे त्यानेच सांगितलं. दुपारी जरा शुद्धीवर आला तेव्हा मी वही त्याच्यापुढे धरली. त्याने मान फिरवली.

"डब्यात बटणांखाली गोळ्या होत्या. डोकेदुखीच्या."

"कधीपासून घेतोयस?"

"परवापासून. तू त्या खोलीत टाकलं असतंस, ताई. दोनच दिवसांचं काम राहिलं होतं."

लहानपणी शाळा चुकवायला काखेत कांदा धरून ताप आणणारा हा. म्हातारपणी गोळी खाऊन ताप लपवत होता, तेव्हा काखेतला कांदा मीच पकडला होता, आता वही लिहूनही गोळी मला सापडली नाही. लेकीला मास्क लावून आत सोडलं तेव्हा त्याला तिची ओळख पटली की नाही, देव जाणे. तिसऱ्या दिवशी तो गेला. दोन दिवस आधी आणला असता तर, असं मी विचारलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नक्की सांगता येत नाही. माझ्याकडे न बघता म्हणाल्या.

मला त्याचा राग येतो. अजून येतो. एका फडतूस कोटासाठी. मग आठवतं, कोट मीच दिला होता, आणि त्या रागाचं काय करावं कळत नाही.

पंधरा दिवसांनी लेक आली. दार उघडं होतं, तरी उंबऱ्याबाहेर उभी राहिली. सर्दी नाहीये, आत्या, येऊ का, असं विचारलं तिने. मी नुसती मान हलवली. ती आत आली, सवयीने साबणाने हात धुतले, पुसले, आणि खुर्चीवर पडलेला कोट तिला दिसला. खालची शिवण अर्धी झालेली, अर्धी टाचण्यांवर. तिने तो मांडीवर घेतला, सुई ओवली, आणि बापासारखीच एकेक टाचणी काढत ओठांच्या डाव्या कोपऱ्यात धरू लागली.

या वेळी मला दिसल्या.

मी उठले, तिच्यापुढे हात पसरला आणि म्हटलं, "तोंडातून काढ त्या."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग एकेक करून सगळ्या माझ्या तळहातावर ठेवल्या.