मोबाइलमधल्या दुकानाला नमस्कार

फतेगंजात माझ्या किराणा दुकानाच्या ओट्यावर एक मुलगी रोज सकाळी बसची वाट बघत बसते. नाव मी कधी विचारलं नाही. मोबाइलच्या खेळात तिचं मोठं सुपरमार्केट आहे, धंदा जोरात. ते उघडण्याआधी ती अंगठा ओढणीला पुसते, स्क्रीनला लावते आणि हात कपाळाला नेते.

मी हसलो. "अगं, खोट्या दुकानाला कसला नमस्कार?"

"काका, दुकान खोटं, पण शेठाणी तर खरी आहे ने!" ती गुजराती हेलात म्हणाली.

समोर मॉल झाल्यापासून गिऱ्हाईक आटलं, तसं मी उंबऱ्याला हात लावणंच सोडलं होतं. दुकान विकायचं मनात होतं.

दुसऱ्या दिवशी शटर वर केलं आणि उंबऱ्याला वाकून नमस्कार केला. पण ती यायच्या आत उरकला. नाहीतर म्हणायची, काका माझ्याकडून शिकले.